सुपातली माणसे: कपातीनंतर उरलेली टीम कशी सांभाळावी

कर्मचारीकपातीची यादी निघते त्या दिवशी सगळ्यांचे लक्ष जाणाऱ्यांकडे असते आणि ते योग्यच आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, जी माणसे हजर होतात, त्यांच्याकडून काम करून घेण्याची जबाबदारी ज्या टीम लीडवर किंवा प्रोजेक्ट मॅनेजरवर येऊन पडते, त्याला या कामाचे शिक्षण कोणीही दिलेले नसते. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आयटी कंपनीच्या मजल्यावर मात्र सुपातल्यांना हसताना मी कधी पाहिलेले नाही. ते गप्प होतात, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवतात, सांगितले तेवढेच करतात आणि दुपारी जेवायला तिघे-चौघे मिळून गेटबाहेर जातात.

हे मार्गदर्शन अशा मॅनेजरसाठी आहे, ज्याच्या हाताखाली आठ ते पंधरा माणसे आहेत, ज्याने यादी केलेली नाही आणि जो ती बदलूही शकत नाही. हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा नागपूरचे मिहान, कुठेही त्याची स्थिती फारशी वेगळी नसते. मी स्वतः बरीच वर्षे या जागेवर होतो. त्या काळात माझी सर्वांत मोठी चूक ही झाली, की जे राहिले ते कंपनीवर निष्ठा ठेवून राहिले, असे मी धरून चाललो. माणूस राहतो त्याची कारणे बहुधा कंपनीच्या बाहेर असतात. ती कळल्याशिवाय मनोबल वाढवण्याचा केलेला कोणताही उपाय वाया जातो, हे मला उशिरा समजले.

काळ कसा बदलला आहे, हे आधी लक्षात घ्यावे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीत सरकारी नोकरीसारखी शाश्वती असते, असा समज पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात दोन पिढ्या टिकून होता. याच कंपनीने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि त्याची झळ मुख्यतः मधल्या व वरच्या फळीला बसेल असे सांगितले. त्याआधी जूनमध्ये तिथे नवा नियम आला होता. त्यानुसार वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल, म्हणजे ग्राहकाकडून पैसे मिळणाऱ्या, कामावर असणे अपेक्षित होते आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, राहण्याची मर्यादा वर्षाला ३५ दिवस ठरवली गेली. गिरणगावात ज्यांची घरे होती त्यांना हे वाचून बदली कामगार आठवला असेल. कायम कामगार गैरहजर राहिला तरच त्याला त्या दिवसाचे काम मिळे, म्हणून तो रोज सकाळी गिरणीच्या दाराशी येऊन उभा राहत असे. बेंचवरच्या इंजिनिअरला महिन्याचा पगार मिळतो हा फरक मोठा आहे. पण सकाळी उठल्यावर ‘आज मला कोणी घेईल का’ हा प्रश्न दोघांचा सारखाच.

पहिले दोन दिवस

यादी जाहीर झाल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत टीमला एकत्र बोलवावे आणि ही बैठक शक्यतो प्रत्यक्ष घ्यावी. काय घडले, आपल्या टीममधून किती जण गेले, निकष कोणते सांगण्यात आले आणि आपल्याला काय माहीत नाही, या चार गोष्टी याच क्रमाने सांगाव्यात. ‘मला जेवढे सांगण्यात आले आहे तेवढे मी सांगितले, आणि पुढची यादी येणार की नाही हे मला माहीत नाही’ हे वाक्य उच्चारायला जड जाते, पण ते म्हणावे. ‘आता आणखी काही होणार नाही’ असे आश्वासन कधीही देऊ नये. ते खोटे ठरले तर त्यानंतर तुमच्या तोंडून निघालेल्या कुठल्याही तारखेवर, अंदाजावर किंवा रेटिंगवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आपण सगळे एक कुटुंब आहोत, हा शब्दप्रयोगही त्या दिवशी टाळावा. काल ज्याचे ओळखपत्र काढून घेतले तोही त्याच कुटुंबातला होता, हे समोर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात असते.

गेलेल्यांची नावे घ्यावीत. अनेक कंपन्यांत अशी अलिखित पद्धत असते की यादीत गेलेल्या माणसाचा उल्लेखच करायचा नाही, त्याचे नाव चॅट ग्रुपमधून गुपचूप नाहीसे होते आणि त्याचे मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा त्याच्याकडचा भाग, ‘रीअसाइन’ होते. उरलेल्यांना यातून एवढेच कळते की उद्या आपल्या बाबतीतही असेच होईल. अमुक व्यक्तीने हे काम उभे केले, आता ते तमुक व्यक्ती पाहील, आणि ज्यांना तिच्याशी संपर्क ठेवायचा आहे त्यांनी जरूर ठेवावा, एवढे मोकळेपणाने म्हटले तरी खोलीतला ताण थोडा उतरतो. अमेरिकेतील संशोधक जोएल ब्रॉकनर यांनी १९८०च्या दशकापासून कपातीतून वाचलेल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. त्यातून पुढे आलेली मुख्य गोष्ट हीच आहे, की मागे राहिलेल्यांचे वागणे हे गेलेल्यांना कसे वागवले गेले आणि निर्णयाची पद्धत न्याय्य वाटली का, यावर मोठ्या प्रमाणात ठरते. मॅनेजरच्या हातात निर्णय नसतो, पण वागवण्याचा बराच भाग असतो. निरोपाचा चहा घेऊ द्यावा, वैयक्तिक सामान शांतपणे आवरू द्यावे, शिफारसपत्र मागितले तर त्याच आठवड्यात लिहून द्यावे.

लोक का राहतात

नोकरी सोडण्याची कारणे शोधणारे अभ्यास पुष्कळ होते. २००१ मध्ये टेरेन्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा विचारला की माणसे राहतात का. त्यांच्या मांडणीत तीन धागे आहेत: माणसाचे कामाच्या जागी आणि राहत्या गावात असलेले संबंध, ती जागा व ते गाव त्याला किती जुळते, आणि सोडल्यास त्याला काय काय गमवावे लागेल. जॉन मेयर व नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये जवळपास हीच गोष्ट वेगळ्या अंगाने सांगितली होती. कोणी आवडते म्हणून राहतो, कोणी राहणे आपले कर्तव्य वाटते म्हणून राहतो आणि कोणी सोडणे परवडत नाही म्हणून राहतो. तिघेही हजेरीपटावर सारखेच दिसतात, आणि मॅनेजरची फसगत नेमकी इथे होते.

माझ्या टीममध्ये एक टेस्टर होता. कपातीच्या दोन फेऱ्या झाल्या, पगारवाढ नावालाच मिळाली, तरी त्याने कधी कुरकुर केली नाही. मी त्याला भरवशाचा समजून ग्राहकाचे सर्वांत नाजूक मॉड्यूल त्याच्याकडे दिले, दुसरा कोणी त्यात तयार केला नाही, आणि वरच्यांना सांगितले की हा कुठेही जाणार नाही. नोकरीला पाच वर्षे पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी त्याने राजीनामा दिला. तो ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे सेवेबद्दल मालकाने द्यायच्या एकरकमी पैशासाठी, थांबला होता. हे त्याने लपवलेही नव्हते, फक्त मी कधी विचारले नव्हते.

म्हणून प्रत्येक सहकाऱ्याच्या बाबतीत तो कोणत्या धाग्याने बांधलेला आहे, हे समजून घ्यावे. त्यातले खरे धागे कोणते आणि गैरसमजाने तयार झालेले कोणते, हेही पाहावे. पैशाच्या धाग्यांपैकी ग्रॅच्युइटी हा सर्वांत नेमका आहे, कारण त्याला तारीख असते. कायम कर्मचाऱ्याला ती सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. ग्रॅच्युइटीसाठी धरल्या जाणाऱ्या शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने गुणायचे आणि सेवेच्या पूर्ण वर्षांनी पुन्हा गुणायचे, असा तिचा हिशेब आहे. हे वेतन ५२ हजार रुपये असेल तर पाच वर्षांचे दीड लाख रुपये होतात. कंपनी बदलली की पाच वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे साडेचार वर्षे झालेला माणूस थांबतो हे अगदी शहाणपणाचे आहे. मुदतबंद करारावर घेतलेल्यांना मात्र नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, आणि अनेक करार कर्मचाऱ्यांना हे ठाऊक नसते.

याउलट, भविष्यनिर्वाह निधी आणि पेन्शनसाठी मी थांबलो आहे असे कोणी म्हटले तर त्याला बसवून नीट समजावून द्यावे. पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा एकाच कंपनीत व्हावी लागत नाही. जुना पीएफ काढून न घेता नव्या मालकाकडे वर्ग केला तर सेवा पुढे मोजली जाते. या भीतीने राहिलेला माणूस मोकळा झाला तर कदाचित तो जाईलही, आणि मॅनेजरने हे स्वीकारून माहिती द्यावी. चुकीच्या समजुतीवर टिकलेल्या माणसाला ती चूक एक ना एक दिवस कळते. तुम्हाला ती ठाऊक असून तुम्ही गप्प बसलात, हेही मग त्याला कळते.

घराचा हप्ता हे कारण सर्वांत जास्त ऐकू येते. वाकड, पुनावळे, रावेत या भागांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांनी फ्लॅट घेतले त्यांतले कितीतरी जण आयटीतले आहेत. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या ५० लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ४३ हजार रुपये येतो. नवरा-बायको दोघेही याच क्षेत्रात असतील तर दोघांपैकी एकाने तरी हलायचे नाही, असा अलिखित करार घरात झालेला असतो. अशा माणसाला शुक्रवारच्या पिझ्झा पार्टीचे किंवा ‘फन ॲक्टिव्हिटी’चे आकर्षण नसते. पुढच्या तिमाहीत प्रोजेक्टचे बिलिंग चालू राहणार आहे का, एवढेच त्याला कळायला हवे असते. करार कधी संपतो आणि नूतनीकरणाची बोलणी कुठवर आली आहेत, यातले जेवढे सांगण्याची तुम्हाला मुभा आहे तेवढे दर महिन्याला सांगावे.

आईवडिलांचा आरोग्य विमा हे कारण क्वचित बोलले जाते, पण ते फार बळकट असते. कंपनीच्या समूह विम्यात सत्तरीच्या वडिलांचा मधुमेह आणि हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. बाहेर स्वतंत्र पॉलिसी घ्यायची तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. मात्र तिची चौकशी नोकरीचा शेवटचा दिवस उजाडण्यापूर्वी करावी लागते, हे मॅनेजरने स्वतःहून सांगावे. गर्भवती सहकारी का थांबली आहे, हे तर तिला विचारूही नये. प्रसूती लाभासाठी अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते, त्यामुळे त्या काळात नोकरी बदलणे तिच्यासाठी जोखमीचे असते. प्रसूती रजेवर असलेल्या स्त्रीला काढून टाकणे बेकायदेशीर आहे आणि यादीत तिचे नाव दिसले तर तुम्ही ते लेखी निदर्शनास आणून द्यायला हवे.

नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड हाही एक बांध आहे. घेणाऱ्या कंपनीला माणूस महिन्याभरात हवा असतो, म्हणून हातात दुसरी ऑफर नसताना राजीनामा देण्याचे धाडस होत नाही आणि नोटीसवर नसल्यामुळे ऑफर मिळत नाही. जॉइनिंग बोनस परत करण्याची अट किंवा प्रशिक्षणाचा बाँड असेल तर गाठ आणखी घट्ट होते.

परदेशी बसलेल्या मराठी माणसाचे गणित निराळे आहे. एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत असलेल्याची नोकरी गेली तर त्याला नवा मालक शोधण्यासाठी, दुसऱ्या व्हिसा-दर्जासाठी अर्ज करण्यासाठी किंवा देश सोडण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. एल-वनवर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर, असलेला तर त्या कंपनीशीच बांधलेला असतो आणि तो व्हिसा घेऊन दुसरीकडे जाता येत नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरून होणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्यात आले, त्यामुळे एकदा परतलो तर पुन्हा जाणे नाही, ही भावना बळावली. न्यू जर्सीत मुलांची शाळा चालू असलेला सहकारी रात्री अकरालाही मेलला उत्तर देतो, त्याचा अर्थ त्याला काम आवडते असा घेऊ नये.

राहिली आवड. काम आवडते म्हणून, टीममधल्या दोन माणसांसाठी म्हणून, किंवा एखादी अवघड गोष्ट शेवटास न्यायची आहे म्हणून राहणारेही असतात. पण कपातीनंतर नेमके हेच धागे तुटलेले असतात, कारण ज्या दोन माणसांसाठी तो राहिला होता त्यांतले एक यादीत गेलेले असते. सर्वांत आधी जाण्याचा धोका याच गटाला असतो. चार्ली ट्रेव्हर आणि अँथनी नायबर्ग यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कपातीपाठोपाठ स्वेच्छेने सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते असे आढळले होते, आणि ते कोणाही अनुभवी मॅनेजरला पटेल.

हे विचारावे कसे

‘तू खूश आहेस ना?’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो सर’ असेच येते. एचआरने पाठवलेल्या निनावी सर्वेक्षणालाही कपातीच्या महिन्यात कोणी खरे उत्तर देत नाही, कारण लिंकवर क्लिक केले की नाव कळते अशी सर्वांची खात्री असते. त्यापेक्षा एकेकट्याला भेटावे, आणि शक्य असेल तर मीटिंग रूममध्ये बसण्याऐवजी गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जावे. ‘पुढच्या वर्षभरात तुझ्याकडे अशी कोणती तारीख आहे, की तिच्याआधी नोकरीत बदल झाला तर तुला अडचण होईल?’ असे विचारावे. ‘गेलेल्यांपैकी कोणाच्या जाण्याने तुझे काम सर्वांत अवघड झाले?’ हा दुसरा प्रश्न. ‘इथे असेपर्यंत काय शिकायला मिळाले तर बाहेर तुझी किंमत वाढेल?’ हा तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी, कारण तो माणसाला कबुलीजबाब देण्याच्या जागी बसवत नाही. वयाने मोठा सहकारी असेल तर ‘तुम्ही’ म्हणून हेच प्रश्न विचारावेत, पण तारखेचा प्रश्न त्याला आपण होऊन विचारू नये. पन्नाशीच्या माणसाला त्यातून ‘तुमचे नाव पुढच्या यादीत आहे’ असे ऐकू येते.

मिळालेली माहिती स्वतःच्या वहीत ठेवावी. कंपनीच्या ड्राइव्हवर एक्सेल करून ठेवू नये आणि ती एचआरला देऊ नये. इथे एक मोह होतो आणि तो मला झालेला आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. कोण हलू शकत नाही हे एकदा कळले, की जास्तीचे काम आपोआप त्याच्याकडे सरकू लागते आणि पगारवाढीचे मर्यादित पैसे हलू शकणाऱ्याकडे. हप्ता भरणारा, आईवडिलांच्या विम्यासाठी थांबलेला, व्हिसावर असलेला माणूस दोन्हीकडून भरडला जातो. तो राजीनामा देत नाही, पण तो नव्या माणसाला काही शिकवत नाही, दिसलेली चूक सांगत नाही आणि रात्री बंद पडलेली सेवा सकाळपर्यंत बंद राहू देतो. टीमचे मनोबल खचले आहे असे आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा हे असेच तयार झालेले असते. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे कारण लिहिल्यावर शेजारच्या स्तंभात त्याच्याकडची कामे आणि शेवटची पगारवाढ लिहावी. अडकलेल्यांकडे कामे जास्त आणि वाढ कमी असे चित्र दिसले तर ते त्याच आठवड्यात दुरुस्त करायला घ्यावे.

कामाचा भार

दहा जणांचे काम सात जणांवर आले की ‘थोडे दिवस सगळ्यांनी मिळून ओढू या’ असे म्हणण्याची पद्धत आहे. थोडे दिवस म्हणजे किती, हे कोणी सांगत नाही. त्याऐवजी गेलेल्या तिघांकडे नेमके काय होते याची यादी टीमबरोबर बसून करावी, आणि त्यातले काय बंद करायचे, काय पुढे ढकलायचे, काय कोणाकडे द्यायचे हे ठरवावे. कोणी वाचत नसलेले साप्ताहिक अहवाल, तीन वेळा त्याच गोष्टी सांगणाऱ्या मीटिंगा, केवळ सवयीने चालू असलेले रात्रीचे कॉल यांतून आठवड्याचे बरेच तास सुटतात. ग्राहकाला नव्या तारखा लेखी कळवाव्यात आणि ते काम मॅनेजरने स्वतः करावे, ज्युनिअरला पुढे करू नये. केटी, म्हणजे कामाची माहिती दुसऱ्याकडे सोपवणे, अर्धवट राहिली असेल तर गेलेल्या सहकाऱ्याला फोन करून फुकट माहिती काढण्याचे काम उरलेल्यांवर टाकू नये. मैत्रीपोटी तो सांगेलही, पण विचारणाऱ्याला त्याची लाज वाटत राहते.

रेटिंगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कपातीच्या वर्षात बेल कर्व्हच्या, म्हणजे ठरावीक प्रमाणात वरखाली रेटिंग वाटण्याच्या पद्धतीच्या, खालच्या टोकाला कोणाला बसवले तर त्याला ते पुढच्या यादीचे निमंत्रण वाटणार, हे गृहीत धरावे आणि कमी रेटिंगमागची उदाहरणे लेखी, तारखेसह द्यावीत. पीआयपी, म्हणजे कामगिरी सुधारण्यासाठी दिलेला मुदतबंद कार्यक्रम, हे माणूस सुधारण्यासाठी वापरत असाल तर तसे वापरावे. नारळ देण्याआधीची कागदपत्रे तयार करण्यासाठी वापरत असाल तर टीमला ते पहिल्याच आठवड्यात कळते.

राजीनामा लिहून घेण्याबद्दल

काही कंपन्यांत यादीतल्या माणसाला कामावरून कमी केले असे कागदावर येत नाही. त्याला बंद खोलीत बोलावून राजीनामा टाइप करायला सांगितले जाते. मॅनेजरला त्या खोलीत साक्षीदार म्हणून बसवले जाते. अशा वेळी कायदा काय म्हणतो, एवढे तरी माहीत असावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याबदली वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते. याशिवाय पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्याच्या खात्यात जमा व्हायची असते. कोणी ‘कामगार’ ठरतो की नाही, हे कार्डावर छापलेल्या पदनामापेक्षा तो प्रत्यक्ष काय काम करतो यावर अवलंबून असते. त्यामुळे सीनिअर इंजिनिअरला हे लागूच नाही, असे परस्पर सांगून टाकू नये. राजीनामा दिला की तो स्वतःहून गेला असे नोंदले जाते आणि या भरपाईचा प्रश्नच उरत नाही.

मॅनेजरने म्हणून दोन गोष्टी पाळाव्यात. कोणालाही ‘आता लगेच सही कर’ असे स्वतः म्हणू नये, आणि ‘मी घरी जाऊन विचार करून, सल्ला घेऊन सांगतो’ असे कोणी म्हटले तर त्याला तसे करू द्यावे. कामगार आयुक्तांचे कार्यालय आणि पुण्यातली नाइट्ससारखी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना हे मार्ग खुले आहेत, हे सांगण्यात गुन्हा नाही. वेतन संहितेनुसार काढून टाकलेल्या, कमी केलेल्या किंवा राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे असते. फुल अँड फायनलसाठी, म्हणजे शेवटच्या हिशेबासाठी, माणसाला दीड-दोन महिने फेऱ्या मारायला लावण्याची जुनी सवय आता कायद्यात बसत नाही. उरलेली टीम हे सगळे पाहत असते आणि आपल्यावर वेळ आली तर काय होईल याचा अंदाज त्यावरूनच बांधत असते.

जाणाऱ्याला अडवू नये

इतके करूनही काही जण जाणारच. राजीनामा आल्यावर माणसाला अपराधी वाटायला लावणे, आयत्या वेळी दुप्पट पगाराची प्रतिऑफर देणे किंवा रिलीव्हिंग लेटर लांबवणे, यातून एखादा माणूस दोन महिने थांबेल, पण बाकीचे सगळे आपापले रिझ्युमे अद्ययावत करतील. नोटीस पीरियड शक्य असेल तितका कमी करून द्यावा आणि त्याच्या जागी कोण तयार होणार, हे पहिल्याच दिवशी ठरवावे. त्या टेस्टरच्या बाबतीत मी चिडून नव्वद दिवस पूर्ण भरायला लावले. त्यातले शेवटचे साठ दिवस त्याने काही केले नाही, आणि माझ्या टीममधली दोन चांगली मुले रोज ते पाहत होती.

मॅनेजर स्वतःही याच सुपात असतो, कारण मधली फळीच आज सर्वांत आधी कापली जाते. तुमच्या स्वतःच्या नावापुढेही वहीत एक ओळ लिहावी: मी का राहिलो आहे, आणि कोणत्या तारखेपर्यंत. ती ओळ टीमला दाखवायची गरज नाही, पण ती लिहिल्यावर दुसऱ्यांना उत्साहाची भाषणे देण्याची इच्छा बरीच कमी होते.

वही दर तीन महिन्यांनी पुन्हा उघडावी, कारण कारणे बदलतात. कोणाचे कर्ज फिटते, कोणाच्या वडिलांना भावाच्या कंपनीचा विमा मिळतो, कोणाची पाच वर्षे पूर्ण होतात. व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग, खात्यात जमा होण्याच्या दिवसाआधीचा आठवडा त्यासाठी सर्वांत चांगला. राजीनामे बहुतेक त्यानंतरच्या सोमवारी येतात आणि तोवर कोणाच्या मॉड्यूलला दुसरा माणूस जोडायचा राहिला आहे, हे पाहायला अजून चार-पाच दिवस हातात असतात.